आधी येणारा प्रतिध्वनी

आमच्या कंपनीत दर एप्रिलमध्ये प्रत्येकाकडून शिकण्याची उद्दिष्टं मागतात. या वर्षी काय नवीन शिकणार, ते कशासाठी शिकणार, आणि शिकलात हे आम्हाला कसं कळणार. तिसरा प्रश्न पोलिसी थाटाचा असतो. मी पहिल्या वर्षी यादीत संगणकाची एक नवी भाषा लिहिली, दुसऱ्या वर्षी आणखी एक. तिसऱ्या वर्षी आमच्या टीम लीडने, म्हणजे पुण्यात बसून आम्हा सगळ्यांना हाकणाऱ्या बाईंनी, माझ्या यादीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: मीटिंगमध्ये बोलणे.

मला संगणकाच्या पाच भाषा येतात. त्यातली एकही तोंडाने बोलावी लागत नाही, म्हणून येतात. तोंडाने बोलायच्या ज्या आहेत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी, त्या तिन्हींत मी सारखाच अडखळतो. त्या बाबतीत मी कुठल्याही भाषेशी दुजाभाव केलेला नाही. पहिलं अक्षर ओठांपर्यंत येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. मागची सगळी वाक्यं त्याच्या मागे रांगेत उभी. लहानपणी आईने माझ्या जिभेला वेखंड उगाळून लावलं, मध लावला, कुणीतरी सांगितलं म्हणून तोंडात आवळा धरून पाढे म्हणायला लावले. पाढे पाठ झाले. नागपूरच्या एका डॉक्टरांनी सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. तो मी अजूनही घेतो, बिनतक्रार.

सगळ्यांत वाईट माझं स्वतःचं नाव. दुसरा शब्द अडला तर त्याच्याऐवजी तिसरा घालता येतो. पाणी म्हणता आलं नाही तर तहान लागली म्हणता येतं. नावाला पर्याय नसतो. कॉलेजात हजेरीच्या वेळी नुसतं ‘यस सर’ म्हणायचं असायचं, म्हणून माझी हजेरी चांगली होती.

मी राहतो ब्रह्मपुरीहून काळ्यापिवळ्या जीपने जायच्या एका धानाच्या गावात. कंपनी पुण्यात. लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि परत बोलावणं आलं तेव्हा इथलं इंटरनेट पुण्याच्या माझ्या खोलीपेक्षा बरं चालतं हे सिद्ध करून दाखवलं. पुण्याच्या लोकांना आमच्याकडच्या दोनच गोष्टी ठाऊक असतात, वाघ आणि ऊन. नवा कुणी टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात मला मेसेज करून विचारतो, खरंच वाघ दिसतो का? मी लिहितो, दिसतो, आणि दिसला की आम्ही त्याला शिकण्याची उद्दिष्टं विचारतो.

माझी खोली स्लॅबवर आहे. समोर धानाच्या पेंढ्याचा, तनशीचा ढीग, पलीकडे बोडी, म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. सकाळी कंपनीचं ‘स्टँडअप’ असतं, जे सगळेजण बसून करतात. त्यात काल काय केलं, आज काय करणार, एवढं एकेकाने बोलायचं. माझी पाळी आली की मी माइकचं चिन्ह लाल करून खाली टाइप करायचो: माइक प्रॉब्लेम. आणि मग सगळं लिहून द्यायचो, मुद्देसूद, एकही चूक नसलेलं. हे इतके दिवस चाललं की कंपनीने मला कुरिअरने नवीन हेडसेट पाठवला. मग आणखी एक. दुसरा आईने उचलला. ती तो लावून भजनं ऐकत भाजी चिरते आणि कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही म्हणून खुशीत असते.

माझे छंदही नीट पाहिले तर एकाच जातीचे निघतील. ऑनलाइन बुद्धिबळ, बोडीवर गळ टाकून बसणं आणि पक्ष्यांचे फोटो. तिन्हींत बोललं की काम बिघडतं. गावातल्या लोकांना यातलं फक्त गळ टाकणं समजतं, आणि तेही मी घरी क्वचितच मासा आणतो म्हणून कमीच.

असा सगळा बंदोबस्त चोख असताना काकाजी मध्ये आले.

काकाजी म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. भरल्या गाडीत शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला उठवणारा त्यांचा आवाज होता आणि आहे. पण कंडक्टरकी हे त्यांच्या लेखी पोटापाण्याचं काम. खरे ते प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. स्त्रीपात्रं नागपूरकडून येतात, बाकीची कामं गावातलीच माणसं करतात: कुणी दुकानदार, कुणी सोसायटीचा संचालक, कुणी नुसताच हौशी. पाठांतर करायला यांना वेळ नसतो आणि तशी पद्धतही नाही. प्रॉम्प्टर पडद्याआड बसून प्रत्येक वाक्य आधी बोलतो, नट ते उचलून लोकांना ऐकवतो. आमच्या गावच्या मंडळाचं नाटक काकाजी चालवतात, आणि त्यांच्या मते नाटक म्हणजे तेच. स्टेजवरचे लोक म्हणजे भोंगे.

काकाजींना एक खोड आहे. ते संहितेत कंसात लिहिलेलंसुद्धा वाचतात. ‘रागाने’, ‘डोळे पुसत’, ‘दाराकडे बघून’, सगळं. जुन्या नटांना ते ठाऊक असतं, ते गाळून घेतात. नव्याला कळत नाही. मी लहान असताना सोसायटीचे एक संचालक मुलीच्या पाठवणीच्या प्रवेशात भरल्या गळ्याने म्हणाले होते, “डोळे पुसत, जा पोरी, सुखी राह्य.” पब्लिक तरीही रडली. काकाजींना त्यात काही गैर वाटलं नाही. त्यांचा नाटक मोजायचा एकच गज आहे. कुठल्याही गावचं नाटक पाहून कुणी आलं की ते कथा विचारत नाहीत, पडदे विचारत नाहीत. एवढंच विचारतात, “पब्लिक उठली का?” नाही म्हटलं तर नाटक चांगलं. पब्लिक थंडीत घोंगडी घेऊन बसलेली असते, उठायला तिच्याकडे शंभर कारणं असतात, ती उठली नाही याचा अर्थ तुम्ही जिंकला.

तर त्या वर्षी इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या माणसाचं ऐन तालमीत अपेंडिक्स दुखायला लागलं. काकाजी दुपारी थेट माझ्या खोलीत.

“काऊन रे पोट्ट्या, रिकामाच बसला हायेस ना?”

मी कामात होतो. समोर तीन खिडक्या उघड्या होत्या. पण काकाजींच्या मते जो माणूस हातपाय हलवत नाही तो रिकामा.

“इन्स्पेक्टरचं काम कराचं हाय तुले. लहान काम हाय. चार वाक्यं न् दंडा हालवाचा.”

“म-म-मले नाई जमत जी,” मी म्हणालो, आणि माझ्या मते हे एवढं एक वाक्यच माझं म्हणणं सिद्ध करायला पुरेसं होतं.

काकाजींनी माझ्याकडे दया न दाखवता पाहिलं. “तुले कोन म्हनते बोल म्हनून? बोलतो मी. तू निस्ता आवाज दे.”

संध्याकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये तालीम होती. नहराकडे वाघ फिरत असल्यामुळे ती लवकर आटोपायची असं ठरलेलं, म्हणून सगळे घाईत. मी दंडा घेऊन उभा राहिलो. घाम फुटलेला. बाजूच्या खुर्चीवरून काकाजींचा आवाज आला, “खबरदार, कुणी जागचं हललं तर.” आणि माझ्या तोंडातून, मला न विचारता, अख्खं वाक्य बाहेर पडलं. खबरदार, कुणी जागचं हललं तर. मध्ये कुठे खड्डा नाही, खाच नाही. ‘ख’ सुद्धा आला. ‘ख’ माझ्याकडे कधीच सहज येत नाही.

मग पुढचं वाक्य आलं, तेही निघालं. त्यांच्या आवाजाच्या मागे माझा आवाज चालत होता. पुढचं अक्षर कुठलं, ते येईल की अडेल, हा हिशेबच करावा लागत नव्हता. घरी येऊन मी नेटवर शोधलं, तर असं अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं म्हणे. दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोललं की जीभ अडत नाही. मी ते काकाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “त्याचं कारन मी.”

मंडईत मी इन्स्पेक्टर झालो. माझ्या आवाजावर चोर चळाचळा कापला. आई पुढच्या रांगेत बसली होती आणि तिला वाटलं वेखंड लागू पडलं, फक्त वेळ लागला. मी इतका खूश झालो की घरी आल्यावर आरशासमोर दंडा घेऊन उभा राहिलो आणि एकट्याने ते वाक्य म्हणायला गेलो. ‘ख’ जागेवरून हलला नाही. तेव्हा कळलं की हे माझं नाही, उसनं आहे. फार वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टीम लीडने मला फोन केला. मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी केला. मी उचलला आणि हूं म्हणालो. हूं मला छान येतं.

तिने सांगितलं ते असं. गोदामातल्या मालाची आवकजावक सांभाळणारं जे सॉफ्टवेअर मी वर्षभर खपून बांधलं होतं, त्याचा डेमो होता. म्हणजे जर्मनीतल्या क्लायंटला ते चालवून दाखवायचं होतं. जो डेमो देईल तोच पुढच्या टप्प्याचं काम सांभाळणार, कारण क्लायंट ज्याला ओळखतो त्यालाच विचारतो. “तू केलंस, तू दाखव,” ती म्हणाली. “पण माइक चालत नसेल तर मला दुसऱ्याला द्यावं लागेल. याही वेळी.”

दुसरा म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. आमच्या टीममध्ये एक गोड आवाजाचा मुलगा आहे. माझ्या आधीच्या दोन्ही कामांचे डेमो त्यानेच दिले होते. माणूस वाईट नाही, मला दरवेळी मेसेज करून विचारतो, हे बटण काय करतं? मग क्लायंटला असं सांगतो की ते बटण त्याच्या आईने त्याला जन्मतःच दिलं असावं. दोन्ही वेळा टाळ्या त्याला पडल्या आणि मी खाली टाळ्यांचं चित्र टाकलं. या वेळी मला ते चित्र टाकायचं नव्हतं. हे माझं काम होतं, आणि ते माझं आहे हे एकदा तरी माझ्या तोंडून कुणाला तरी ऐकवायचं होतं. मी बाईंना लिहिलं, माइक दुरुस्त झाला आहे.

आणि काकाजींकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “व्हिलन कोन हाय?”

“क्ल-क्लायंट.”

“न् हिरो?”

“सॉ-सॉफ्टवेअर जी.”

“म्हंजे इन्स्पेक्टर तूच.” एवढं बोलून ते तालमीला तयार झाले.

मी डेमोचं सगळं बोलणं इंग्रजीत, पण देवनागरी अक्षरांत, ठळक लिहून काढलं. गुड आफ्टरनून एव्हरीवन. माय नेम इज अमुक अमुक. इथपासून थँक यू पर्यंत. मला काय कुठे करायचं ते मराठीत कंसात. काकाजींना म्हटलं, कंस मनात वाचा. ते म्हणाले, “हाव ना, मले का सांगतेस.” हे त्यांनी सोसायटीच्या संचालकांनाही सांगितलं असणार.

तालमी आम्ही दुपारी माझ्या खोलीत केल्या. मी खुर्चीवर, काकाजी टेबलाच्या बाजूला पाटावर, कॅमेऱ्याच्या नजरेच्या खाली. तिथून मान तिरकी केली की त्यांना पडदा दिसायचा. मीटिंगमधले लोक छोट्या छोट्या चौकोनांत दिसतात, कुणी उठून गेला की त्याचा चौकोन जातो, हे मी त्यांना दाखवलं. हे त्यांना फार आवडलं. “हे बरं हाय,” ते म्हणाले. “मंडईत अंधारात दिसत नाई कोन उठलं ते.” इंग्रजीचा अर्थ त्यांना कळत नव्हता आणि त्याची त्यांना पर्वाही नव्हती. पण ‘इन्व्हेंटरी’ हा शब्द ते असा काही उच्चारायचे की गोदामात नक्की काहीतरी गुन्हा घडला आहे असं वाटावं. आणि मी त्यांच्या मागून सगळं बोलत होतो. माझं नावसुद्धा.

डेमोच्या दिवशी काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी म्हटलं तुम्ही दिसणार नाही. ते म्हणाले, पडद्याआडही त्यांनी कधी चुरगळलेला शर्ट घातलेला नाही. गळ्यात दुपट्टा होताच. गावात त्यांनी कुणाला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण जिन्यात तीनचार माणसं येऊन बसली होती. “पोट्ट्याचं नाटक हाय जर्मनीले,” असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. आईने त्यांना चहा देऊन खाली अंगणात बसवलं आणि कोंबड्यांना तनशीकडे हाकललं.

चौकोन उघडले. पुण्याची आमची टीम, बाई, गोड आवाजाचा मुलगा, आणि जर्मनीतले काही लोक. त्यातला मुख्य माणूस चष्मेवाला, टापटीप, वेळेच्या आधी आलेला. बाईंनी चार शब्द बोलून माझ्याकडे सोपवलं. मी माइक सुरू केला. टीममधल्या दोघांच्या भुवया वर गेल्या.

“गुड आफ्टरनून एव्हरीवन,” बाजूने आवाज आला. “गुड आफ्टरनून एव्हरीवन,” मी म्हणालो.

आणि गाडी सुटली. नाव आलं आणि गेलं, मला कळलंही नाही. बटणं, याद्या, माल आत, माल बाहेर, सगळं रांगेत. गोड आवाजाच्या मुलाचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, जमलं. मी थोडा मोठा आवाज लावला, काकाजींनी त्याहून मोठा लावला, आणि त्याच भरात मी जर्मनीच्या क्लायंटला खणखणीत आवाजात म्हणालो, “इथी थोडं पानी पे.”

चष्मेवाल्याने मान तिरकी केली. “सॉरी?” तो म्हणाला.

“सॉरी,” काकाजी तत्काळ म्हणाले. “सॉरी,” मी म्हणालो. आणि पाणी प्यालो, कारण आता ते प्यायला हवं होतं.

पुढचं पान सुरू केलं, पण चष्मेवाला अस्वस्थ झाला होता. त्याने हात वर करून मला थांबवलं. माफ करा, तो इंग्रजीत म्हणाला, पण तुमच्याकडे प्रतिध्वनी येतोय. सुरुवातीपासून येतोय. आणि विचित्र आहे, कारण तो तुमच्या आवाजाच्या आधी येतो.

काकाजींना कुजबुजता येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांची कुजबुज स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नटापर्यंत पोचण्यासाठी तयार झालेली होती. कंपनीने पाठवलेला माइकही भारी होता. बाई म्हणाल्या, “तुझ्याकडे दुसरं डिव्हाइस सुरू असेल. ते बंद कर प्लीज.”

मी दुसऱ्या डिव्हाइसकडे पाहिलं. दुसरं डिव्हाइस चष्मा नाकावर ओढून पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. काकाजींना आधी कळलंच नाही. मी पुन्हा ठेवलं. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता. भर प्रयोगात त्यांना गप्प करणारा मी पहिलाच.

“आता ठीक आहे,” चष्मेवाला म्हणाला. “मघाशी आवाज दुहेरी येत होता म्हणून नीट कळलं नाही. हे बांधलं कुणी? तुम्हीच ना? तुमचं नाव पुन्हा सांगाल का? मला लिहून घ्यायचं आहे.”

मला हवा होता तो प्रश्न हाच होता. वर्षभर हवा होता. आणि माझ्याकडे त्याला द्यायला हूं सोडून काही नव्हतं.

मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि बसलं. जबडा आवळला गेला, डोळे मिटले गेले. असं झालं की माझे डोळे मिटतात. पडद्यावर माझा चौकोन कसा दिसत असेल ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मी आजवर त्यात फक्त एका बगळ्याचा फोटो ठेवत होतो. वेळ जात राहिला. मग बाईंचा आवाज आला, मऊ, घाईचा. “त्याच्या माइकला जुना प्रॉब्लेम आहे. हरकत नाही, पुढचं आमचा दुसरा सहकारी दाखवेल.” गोड आवाजाच्या मुलाने घसा साफ केला. मला ते ऐकू आलं.

मी डोळे उघडले आणि सवयीने बाजूला पाहिलं. काकाजी पाटावर अर्धवट उठलेले होते. इंग्रजी कळत नसलं तरी नट अडलाय एवढं त्यांना कळत होतंच. तेच त्यांचं आयुष्य. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ओठांवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर तयार होतं. त्यांनी ते नुसतं सोडलं असतं तर मागोमाग माझं नाव आलं असतं. स्टेजवर शांतता पडली की प्रॉम्प्टर मेला, असं ते नेहमी सांगतात. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही ती पडू दिली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. मग गळ्यातला दुपट्टा ओढला, त्याचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला.

ते तसे बसून राहिले. डोळ्यांत पाणी होतं. ते गुदमरल्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

“न-न-नो,” मी म्हणालो. गोड आवाजाचा मुलगा थांबला. “मा-माइक इज फाइन. आय स्ट-स्ट-स्टॅमर. प्लीज व-वेट.”

चष्मेवाल्याने पेन खाली ठेवलं आणि हात एकमेकांत गुंफून बसला. आणि मग मी माझं नाव सांगितलं. ते सांगायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. अंगणातून कोंबडी ओरडल्याचं ऐकू आलं, कुठेतरी धान भरडायची गिरणी सुरू झाली. पहिलं अक्षर फुटलं, पुन्हा बसलं, पुन्हा फुटलं. मग नाव आलं, आडनावही आलं. चष्मेवाल्याने पेन उचलून लिहून घेतलं. “थँक यू,” तो म्हणाला. “आता ही यादी पुन्हा दाखवाल? मला इथे एक शंका आहे.”

त्याला एक नाही, बऱ्याच शंका होत्या. त्या कुठल्याच आमच्या कागदावर नव्हत्या, त्यामुळे काकाजी बोलले असते तरी उपयोग नव्हता. मी उत्तरं दिली. अडखळत, थुंकी उडवत, मध्येच शब्द बदलत दिली. एका उत्तरात मी इतका अडलो की चष्मेवाला तेवढ्यात स्वतःच बटण दाबून पाहून घेऊन मोकळा झाला. मीटिंग ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. पुढच्या टप्प्याचं काम माझ्याकडे आलं, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दुपारी फक्त चौकोन बंद झाले आणि पडद्यावर माझा एकट्याचा घामेजलेला चेहरा उरला. बाईंचा मेसेज आला होता: उद्या स्टँडअपला तू पहिला बोल, आम्ही थांबू. आणि त्याखाली आणखी एक: ते पाणी पे काय होतं?

काकाजी दुपट्टा तोंडातून काढून उठायला लागले, तर गुडघे धरलेले. मी हात देऊन त्यांना खाटेवर बसवलं. आई चहा देऊन खाली गेली. काकाजी बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत बसले. मला वाटलं, रागावले आहेत. त्यांना गप्प केलं होतं मी, आणि त्यानंतरचं सगळं त्यांच्याशिवाय झालं होतं.

“क-कसं झालं जी?” मी विचारलं.

“नाव लय लांबवलं तू,” ते म्हणाले. “एवढं लांबवत नसतेत.”

मी मान डोलावली. ते खरंच होतं.

त्यांनी बशी तोंडाला लावली, संपवली, आणि दुपट्ट्याने मिशी पुसली. तो ओलाच होता.

“मी पाह्यत होतो बाजूनं. सारे चौकोन पाह्यले. एकबी गेला नाई.” मग ते उठले, जिन्याकडे निघाले, आणि खाली अंगणात वाट बघत बसलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पब्लिक उठली नाई.”